क्यूच्या मुठीचा पक्का रंग

"महादेव, हा मेलाय का जगेल, तेवढं सांग," असं म्हणत डॉक्टर हिरेमठांनी आपला क्यू माझ्यापुढे आडवा धरला. त्याच्या जाड टोकाकडून सुटलेला दोरा तुटक्या करदोट्यासारखा जमिनीपर्यंत लोंबत होता.

मी बघितलं. दोरा मूळचा पांढरा असावा. आता त्याला भाकरीच्या तव्याची कळा आली होती. वर जागोजाग लव सुटली होती.

"काय केलंत ह्याला?"

"मी नाही रे. आमच्या कंपाउंडरनं धुतला. साबण लावून. वर उन्हात टांगला होता."

"का म्हणून?"

"कवळ्या धुतो तसा धुतला म्हणाला."

डॉक्टर हिरेमठ दातांचे डॉक्टर होते. अमेरिकेत शिकून, तिथं चार पैसे कमवून सोलापुरात परत आलेले. तिकडून येताना लोक रेडिओ आणत, घड्याळ आणत. हे एक क्यू घेऊन आले होते.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सोलापुरातल्या एका क्लबात बिलियर्ड मार्कर होतो. मार्कर म्हणजे टेबलाचा नोकर समजा. खेळ चालू असताना गुण मांडायचे, बॉल पुसून जागेवर ठेवायचे, टेबलाच्या हिरव्या कापडाला ब्रश मारायचा, मग इस्त्री करायची, क्यूच्या टोकाची चामड्याची टिप घासून बसवायची, आणि हरलेल्या मेंबरचं रडगाणं ऐकून घ्यायचं. शेवटचं काम सर्वांत जास्त. क्यू म्हणजे ज्यानं बॉल मारतात ती काठी. बारीक टोक पुढं, जाड बूड मागं, आणि त्या बुडाशी उजव्या हाताची मूठ.

आमच्या क्लबातले क्यू जुन्या विलायती पद्धतीचे. एकसंध आणि उघड्या लाकडाचे. मुठीच्या जागी काही नाही. डॉक्टरांचा क्यू अमेरिकेतल्या पूल नावाच्या खेळातला. तो दोन तुकड्यांत यायचा आणि मध्ये स्क्रूनं जोडायचा. डॉक्टर तो जोडायला लागले की आमचे सेक्रेटरी दामलेवकील म्हणायचे, "चला, डॉक्टरांनी बासरी काढली."

ह्या क्यूच्या मुठीवर लिननचा, म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा गच्च गुंडाळलेला असतो. त्याला ग्रिप म्हणायचं. लाकडात त्यासाठी उथळ खाच मारलेली असते, म्हणजे दोरा वर उठत नाही, लाकडाच्या बरोबरीत बसतो. हातावरचा घाम तो पितो, त्यामुळे मूठ निसटत नाही. कागदावर हे फार छान आहे. पण ज्यानं ही ग्रिप शोधली त्यानं सोलापूरचा मे महिना पाहिला नव्हता. आणि डॉक्टर हिरेमठांचा तळहातही पाहिला नव्हता. त्यांच्या हाताला इतका घाम यायचा की टेबलाच्या कडेला हात टेकला तर लाकडावर पंजा उठायचा. त्यावर उपाय म्हणून ते हाताला टाल्कम पावडर लावत. घाम आणि पावडर मिळून ग्रिपवर लापशी होई. म्हणूनच कंपाउंडरला ती धुवावीशी वाटली. त्या गरिबाचं फारसं चुकलं नव्हतं.

"नवा दोरा गुंडाळावा लागेल," मी म्हणालो.

"रविवारच्या आत?"

रविवारचंच तर सगळं होतं. श्रीपूरकडचे एक इंजिनिअर होते, जगदाळे नावाचे. बिलियर्डच्या टेबलावरच खेळतात तो स्नूकर फार चांगला खेळायचे. त्यांचा आणि डॉक्टरांचा सामना ठरला होता. तो नुसता सामना नव्हता. क्लबात त्या वर्षी रमीचं वेड आलं होतं. बिलियर्डच्या खोलीत दुपारभर मी आणि पंखा, दोघंच असायचो. दामलेवकिलांनी कमिटीपुढे ठराव ठेवला होता, की टेबल विकून टाकावं आणि त्या खोलीत पत्त्यांची टेबलं मांडावीत. टेबल गेलं की मार्करही जाणार, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. डॉक्टर एकटेच आडवे आले होते. "सामना बघायला लोक आले तर टेबल राहू द्या, नाही आले तर विका," असं ते कमिटीला बोलून बसले होते.

"बघतो की," मी म्हणालो. मी आयुष्यात ग्रिप गुंडाळलेली नव्हती. पण बोलून गेलो.

पहिल्यांदा जुनाच दोरा परत गुंडाळून बघितला. धुतल्यानं तो आटला होता. खाच भरेना. मध्येच तुटलाही. लिननचा दुसरा दोरा सोलापुरात मिळेना. मग मी क्रिकेटच्या बॅटच्या दांड्याला गुंडाळतात तसली सुतळी एका बॅटवाल्याकडून आणून गुंडाळली. डॉक्टरांनी चार शॉट मारले आणि क्यू खाली ठेवला.

"महादेव, हे स्नूकर खेळल्यासारखं वाटत नाही. विहिरीचं पाणी शेंदल्यासारखं वाटतंय."

त्यांच्या तळहाताची सालं निघाली होती. सुतळी काढली.

घरी गेलो तर समोरच्या घरात माग खडखडत होता. आमच्या बोळात निम्मी घरं विणकरांची. तेलुगू बोलणारी माणसं. आमच्या घरी कानडी, त्यांच्या घरी तेलुगू, आणि बोळात भांडण झालं की सगळे मराठीत. समोरच्या लक्ष्मम्मा दारातच रहाटावर कांड्या भरत बसलेल्या. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. ढिलंही नाही आणि ताणूनही नाही. मी तिथंच उभा राहून बघायला लागलो. आयुष्यभर समोर चाललेलं काम, पण कधी नीट बघितलेलं नव्हतं.

"काय बघतंय मादेवण्णा?" त्या म्हणाल्या. "बायकोनं जेवायला दिलं न्हाई का?"

मी आत जाऊन क्यूचा बुडाकडचा तुकडा घेऊन आलो.

"अय्यो, लाटणं हाय काय?"

"खेळायची काठी आहे. डॉक्टरसाहेबांची. हिच्यावर सूत गुंडाळायचंय. खाचेत बसलं पाहिजे, हाताला लागता कामा नये आणि सुटता कामा नये."

"एवढं शिकलेलं माणूस काठीनं खेळतंय?"

"खेळतंय."

"आन तुमी ते बघायला पगार घेतंय?"

"घेतोय."

त्यांनी तुकडा हातात घेतला, खाचेवरून बोट फिरवलं आणि मला सरळ कामाला लावलं. सूत दुहेरी पिळाचं घेऊ म्हणाल्या. मी म्हणालो, खाच किती खोल आहे बघून घ्या, सूत जाड झालं तर वर उठेल. दोन प्रकार लावून बघितले. बारीक होतं ते बरोबर बसलं. क्यू रहाटाच्या चातीवर, म्हणजे फिरत्या सळईवर, काही बसेना, म्हणून मी मांडी घालून बसलो, दोन गुडघ्यांवर तो आडवा धरला आणि हातानं फिरवायला लागलो. सूत त्या सोडत होत्या.

"सावकाश! गिरणी हाय काय तुमची? सावकाश फिरवा."

ग्रिपला कुठंही गाठ चालत नाही. गाठ तळहाताला टोचते. सुरुवातीचं टोक पहिल्याच वेढ्यांखाली दाबून टाकायचं. शेवट अवघड असतो. शेवटचे काही वेढे घालायच्या आधी वेगळ्या दोऱ्याचा एक फास त्यांच्याखाली ठेवायचा. वेढे पुरे झाले की सुताचं टोक त्या फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक आपोआप वेढ्यांखाली जातं. ही युक्ती माझी, बॅटवाल्याकडून उचललेली. लक्ष्मम्मांना आवडली. त्यांनी मान हलवली. एवढं कौतुक त्यांनी नवऱ्याचंही केलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग खळ. खळ म्हणजे सुताला लावायची पेज. तिनं सूत कडक होतं आणि लव बसते. त्यांनी पातळ खळ बोटानं चोळून लावली. वाळल्यावर मी काचेच्या बाटलीनं घासून घासून ती मूठ गुळगुळीत केली. हात फिरवला तर सूत कुठं संपतं आणि लाकूड कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. पांढरीशुभ्र मूठ. मला ती काठी बाळासारखी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवली. खूश झाले. दोन-तीनदा मुठीत धरून झुलवली. आणि मग म्हणाले, "पण पांढरी कशाला केलीस? परत मळेल. परत तो धुवेल. गडद रंगात कर ना. मरून वगैरे. रुबाबदार दिसेल."

"डॉक्टरसाहेब, रंगाचं काही सांगता येत नाही."

"अरे, सोलापुरात राहतोस आणि रंगाचं सांगता येत नाही? इथल्या चादरी आयुष्यभर धुतल्या तरी रंग जात नाही."

हे खरं होतं. मी परत लक्ष्मम्मांच्या दारात.

"मरून सूत आहे का?"

"हाय की."

"रंग पक्का आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या माहेरच्यांची चौकशी केली. "पाण्यात टाकून बघा," म्हणाल्या.

टाकून बघितलं. वाटीभर पाण्यात सूत बराच वेळ भिजवलं, पिळलं, पांढऱ्या फडक्यावर दाबलं. डाग नाही. सगळं पहिल्यापासून परत केलं. फास, खळ, बाटली. शनिवारी क्यू तयार झाला. मरून मुठीचा, काळ्या बुडाचा. दिसायला खरंच रुबाबदार होता. दामलेवकीलसुद्धा म्हणाले, "बासरीला गोंडा लावा आता."

रविवारी संध्याकाळी लोक आले. फार नाही, पण खुर्च्या भरल्या. निम्मे रमीचा डाव संपला म्हणून आले होते. जगदाळेसाहेब पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या पँटमध्ये. डॉक्टरही तसेच. टेबलावरचे दिवे लागले. त्या दिव्यांची धग अशी की पंखा असून नसल्यासारखा, आणि बॉलला वारा लागू नये म्हणून तोही मी मंद ठेवलेला.

ज्यांनी स्नूकर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. टेबलावर पुष्कळ लाल बॉल असतात आणि प्रत्येक रंगाचा एकेक. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. गुलाबीला पिंक म्हणतात. पांढऱ्या बॉलनं बाकीचे मारून टेबलाच्या कडेच्या जाळीत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालायचे. पांढरा स्वतःच पॉकेटमध्ये गेला तर चूक, आणि मग समोरच्यानं तो हातात घेऊन ठरलेल्या जागेत ठेवायचा.

पहिली फ्रेम, म्हणजे पहिला डाव, जगदाळेसाहेबांनी घेतली. दुसरी डॉक्टरांनी. ग्रिप मस्त धरली होती. मी मनात लक्ष्मम्मांना नमस्कार केला. तिसऱ्या फ्रेमच्या सुरुवातीला डॉक्टरांनी कपाळावरचा घाम हातानं पुसला. मी गुणफळ्याकडे वळलो होतो. मागं कुणीतरी हसलं. वळून बघतो तर डॉक्टरांच्या कपाळावर आडवा मरून पट्टा.

मला वाटलं, दिव्याचा भास असेल.

मग जगदाळेसाहेबांचा पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला. डॉक्टरांनी तो उचलला, जागेवर ठेवला, आणि शॉट मारला. बॉल लांब जाऊन थांबला. जगदाळेसाहेब खेळायला वाकले, तसेच उभे राहिले.

"मार्कर," ते म्हणाले, "टेबलावर दोन पिंक कसे काय?"

खरंच दोन होते. एक जन्माचा गुलाबी, आणि दुसरा डॉक्टरांच्या हातून झालेला.

खोलीत जो हशा उठला तो रमीच्या खोलीपर्यंत गेला असणार, कारण तिकडचे उरलेलेही धावत आले. दामलेवकील मात्र हसले नाहीत. ते ओरडले, "कापड! कापड बघा!" टेबलाचं कापड विलायतेहून मागवलेलं. मी धावलो. डॉक्टर डावा हात टेकून खेळायचे म्हणून कापड वाचलं होतं. बॉल लोळत गेला त्या रेषेवर पुसटसा माग दिसतोय की काय असं वाटलं, पण वाकून बघितलं तर कापडावर काही नव्हतं.

नियमानं बॉल पुसायचा तर त्याची जागा खूण करून उचलावा लागतो. मी खूण केली, बॉल पुसला, परत ठेवला. माझ्याही बोटांना रंग. डॉक्टरांनी उजवा पंजा वर केला. मनगटापासून बोटांपर्यंत लालभडक. नवरी मेंदी लावते तसा.

"महादेव," ते म्हणाले, "पक्का आहे ना रे?"

"हातावर बसलाय तेवढा तरी पक्का दिसतोय, डॉक्टरसाहेब."

ते टेबलाला धरून हसले. मग मुठीवर रुमाल बांधून खेळले. रुमाल सरकत होता, आणि हसू आवरत नव्हतं. शेवटी उरलेल्या एकट्या काळ्या बॉलवर हरले. जगदाळेसाहेबांनी हात मिळवायला पुढं केला, डॉक्टरांचा पंजा बघून मागं घेतला, आणि लांबूनच नमस्कार केला.

मी घरी न जाता तडक लक्ष्मम्मांकडे गेलो. त्यांना माझी बोटं दाखवली.

"रंग पक्का म्हणाला होतात!"

"पान्याला पक्का. घामाचं कोन बोललं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ते सूत चादरचं हाय. चादरला घाम येतंय काय?"

परत आलो आणि जेवायला बसलो. लोक आले होते, पण असली फजिती कमिटी सामन्यात धरणार नाही, नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, डॉक्टर हरले. तिला वाटलं मला डॉक्टरांचं दुःख झालंय. भाजी जास्त वाढली.

सोमवारी दुपारी बिलियर्डच्या खोलीत ब्रश मारत होतो, तर डॉक्टर दारात. त्यांची दवाखान्याची वेळ होती.

"आज लवकर?"

"पेशंट पळाला," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

झालं होतं असं. रात्रभर साबण, रॉकेल, लिंबू, सगळं लावूनही रंग गेला नव्हता. सकाळी बार्शीहून एक आडदांड व्यापारी दाढ काढायला आला. खुर्चीवर बसला, तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी लाल पंजात चिमटा धरून वाकल्यावर त्यानं तोंड मिटलं. म्हणाला, "डॉक्टर, माझ्या आधी कोण होतं?" डॉक्टर म्हणाले, कुणी नाही, हा रंग आहे. तो म्हणाला, "व्हय व्हय, रंगच असंल," आणि पायात चपला न घालता गेला. बाहेर बाकावर बसलेल्यांनी त्याचं तोंड बघितलं. तेही गेले. चपला अजून दवाखान्यातच होत्या.

"म्हटलं, रंग उतरेपर्यंत इथंच बसावं," डॉक्टर म्हणाले. "लाव बॉल."

रंग काही लवकर उतरला नाही. डॉक्टर रोज दुपारी यायचे. डॉक्टरांचा पंजा बघायला मेंबर यायचे. पंजा बघून झाला की काय करायचं, म्हणून एखादी फ्रेम खेळायचे. डॉक्टर शिकवायलाही चांगले होते, दात कोरल्यासारखं सावकाश समजवायचे. बघता बघता दुपारच्या खेळासाठी मेंबर पाटीवर नावं लावून ठेवायला लागले. खुद्द दामलेवकील एकदा "बघू ती बासरी" म्हणाले आणि योगायोगानं पहिल्याच शॉटला लाल बॉल पॉकेटमध्ये गेला. त्या दिवसापासून ते रमीच्या खोलीत फारसे दिसले नाहीत. कमिटीची बैठक झाली तेव्हा ठराव मांडायला सेक्रेटरी जागेवर नव्हते. ते टेबलावर होते.

टेबल राहिलं. त्याच्याबरोबर मीही राहिलो, रिटायर होईपर्यंत.

क्यूवर मी तिसऱ्यांदा सूत गुंडाळलं. लक्ष्मम्मांनीच सोडलं. ह्या वेळी पांढरं, बिनरंगाचं. आणि डॉक्टरांना बजावून ठेवलं. पावडर बंद. खेळ झाला की ओलसर फडकं पिळून मुठीवरून फिरवायचं, लगेच कोरड्यानं पुसायचं, मग चामड्याच्या तुकड्यानं घासायचं, म्हणजे लव बसते. कंपाउंडरच्या हाती क्यू द्यायचा नाही. त्यांनी हे सगळं ऐकलं. आणि महिन्याभरात मूठ परत तव्याच्या रंगाची झाली. पण सुटली नाही.

जगदाळेसाहेबांनी नंतर आपलाही क्यू माझ्याकडे पाठवला. त्यांच्या क्यूला खाच नव्हती, म्हणून मी नको म्हणालो, पण ते ऐकेनात. कुठल्या रंगात करू, असं मी निरोप्याला विचारलं. त्यांचं उत्तर आलं की रंग तुमच्या पसंतीनं करा, फक्त डॉक्टरांशी खेळायच्या दिवसाआधी तो सुकू द्या.

एवढ्या वर्षांच्या कामातून मी एकच शिकलो. माल पक्का आहे का हे विकणाऱ्याला विचारून उपयोग नसतो, तो खरंच सांगतो, पण पाण्यापुरतं. विचारायचं ते घेणाऱ्याला. आणि त्याआधी एकदा त्याचा हात हातात घेऊन बघायचा.